मोहबोडीचं पाणी

बिसनभाऊंनी हात आडवा धरून मला बांधाखालीच थांबवलं.

"वर नोका येऊ, मॅडम. आधी मले पाहू द्या."

ते मोठ्यानं बोलले, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. मोहबोडीवर कुणी मोठ्यानं बोलत नसे. आमच्या झाडीपट्टीत छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. ही बोडी अभयारण्याच्या अगदी आत, मोह आणि ऐनाच्या दाट झाडीत होती. चैत्रात बाकीच्या बोड्या आटून जमिनीला भेगा पडत, पण हिच्यात मृगापर्यंत पाणी टिकायचं. चितळं, सांबरं, रानगवे, अस्वलं, सगळी इथं यायची. मी या बीटची वनरक्षक होऊन तिसराच उन्हाळा होता. बिसन कोडापे मात्र माझ्या वयाइतकी वर्षं इथं वॉचर होते. चप्पल हातात घेऊन बांधावर कसं चढायचं आणि खोकला आला तर तोंडात दुपट्टा कसा धरायचा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी थांबले नाही. त्यांच्या मागोमाग वर गेले.

पाण्यावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पलीकडच्या काठावर एक मोर पिसारा चिखलात पसरून पडला होता. त्याच्याजवळ दोन चितळ माद्या पडल्या होत्या. एकीचे पाय अजून हलत होते, तोंडाला फेस होता. आम्ही तिच्याजवळ पोचेपर्यंत तेही थांबले.

बिसनभाऊ पाण्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी वाकून वास घेतला आणि झटक्यानं मान मागे घेतली.

"फवाऱ्याचं औषध हाय," ते म्हणाले. "कोनतरी मटनासाठी टाकलं."

मी वॉकीटॉकीवरून रेंज ऑफिसला कळवलं. आरएफओ, म्हणजे रेंजचे मोठे साहेब, जिल्ह्याच्या गावी मीटिंगला गेले होते. बऱ्याच वेळानं त्यांचा निरोप आला. पाण्याचे नमुने घ्यायला माणसं निघताहेत, टँकरही पाठवतोय. तोवर कुणालाही, काहीही झालं तरी, पाणी पिऊ देऊ नका.

"बांध फोडून पाणी सोडून देऊ का, सर?" मी विचारलं.

"वेड लागलंय का? खाली नाला गावाच्या तलावात जातो. गावची गुरं मरतील. फक्त जनावरं हाकला."

फक्त जनावरं हाकला. वैशाखाच्या दिवसात, चहूकडे कोसभर थेंब नसताना.

बोडीच्या काठाला खात्यानं दोन खोल्यांचं एक निवास बांधलं होतं. तिथं वीज नव्हती. गाणी लावायला आणि गप्पा ठोकायला मनाई होती. ज्यांना नुसतं बसायचं असेल त्यांनीच यावं अशी ती जागा. त्यामुळे फारसं कुणी येत नसे. मंदाताई ढवळे मात्र दर उन्हाळ्यात यायच्या. नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या, आता निवृत्त झाल्या होत्या. "आयुष्यभर वॉर्डातली कण्हणी ऐकली, आता थोडे दिवस पाण्याचा आवाज ऐकू दे," असं म्हणायच्या. आदल्याच दिवशी त्या बिसनभाऊंच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला, फुलवंताला तपासून आल्या होत्या. तिचं पहिलंच बाळंतपण होतं. ती नवऱ्यासह बापाच्याच घरी राहायची. तिची आई कधीच गेली होती, म्हणून बिसनभाऊंनी जावई घरी ठेवून घेतला होता. देवचंद त्याचं नाव. गडी शांत होता, कष्टाळू होता. बिसनभाऊ त्याच्याबद्दल बोलताना नेहमी "आमचा देवचंद" म्हणायचे.

मंदाताईंना मी काय झालं ते सांगितलं. स्वयंपाकघरातून एक घमेलं आणि पळी घेऊन त्या सरळ बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या बाजूला थांबू?" एवढंच म्हणाल्या.

आम्ही तिघं तीन बाजूंना उभे राहिलो. ऊन चढायला लागलं तशी जनावरं येऊ लागली. आधी वानरं आली. घमेल्याच्या आवाजानं ती झाडावर चढून बसली आणि आमच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग चितळांचा कळप आला. मी रिकामा डबा काठीनं बडवला, ओरडले. ती दचकून मागे गेली आणि झाडीच्या कडेला थांबली. थोड्या वेळानं परत पुढे आली. पुन्हा बडवलं, पुन्हा मागे. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडीच मागे जायची. तहानेपुढे त्यांची भीती कमी पडत चालली होती.

एक सांबर मादी तर माझ्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली. तिच्या बरगड्या दिसत होत्या. मी दगड उचलला. त्या बोडीवर वाळलं पान पायाखाली येऊ नये म्हणून मी तीन उन्हाळे जपून चालले होते. मी तो दगड तिला मारला. तिच्या खांद्याला लागला. ती गेली.

"रडू नका, मॅडम," पलीकडून बिसनभाऊ ओरडले. "रडलं का डोळ्यांपुढं धूसर दिसते. मंग एखादं निसटते."

दुपारी गवे आले.

आधी झाडीत फांद्या मोडल्याचा आवाज झाला, मग काळी अंगं दिसली. पुढं एक म्हातारी गाय होती, मागं बाकीचे, मधे वासरं. घमेलं, डबा, बिसनभाऊंच्या हातातला पत्रा, आम्ही तिघांनी एकदम बडवलं. गाय थांबली, तिनं फुत्कार टाकला आणि चालतच राहिली.

बिसनभाऊ बांधावरून खाली उतरले. डोक्याचा दुपट्टा काढला आणि तो दोन्ही हातांनी हलवत सरळ तिच्यासमोर गेले. मी किंचाळले. ते तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलत होते. मला कळत नव्हतं, पण भांडणारं माणूस बोलतं तसं नव्हतं ते. विनवणी होती. गाय त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं मान खाली केली तेव्हा मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती वळली होती. कळप तिच्यामागे वळला.

पण एक वासरू बांधाच्या कडेनं घसरत माझ्या बाजूनं खाली आलं. मी धावले, डबा फेकला, पण ते पाण्याशी पोचलं होतं. त्यानं तोंड घातलं. किती प्यायलं कुणास ठाऊक, मला येताना पाहून ते उडी मारून परत फिरलं आणि आईपर्यंत गेलं. तिथंच त्याचे पुढचे पाय मुडपले.

त्याला मरायला बराच वेळ लागला. आई त्याच्याजवळ उभी होती, त्याला चाटत होती, नाकानं उठवत होती. कळप दूर जाऊन तिची वाट पाहत थांबला, मग तोही गेला. मंदाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं नाडीवर ठेवली, सवयीनं असेल. वासराची धडपड थांबेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"ताई, काहीच करता येत नाही का?" मी विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा टँकर आला. बोडीपासून थोडं लांब, उंचवट्यावर सिमेंटचा एक पसरट पाणवठा होता, तो भरायचा होता. टँकरबरोबर रेंज ऑफिसनं गावातून मजूर म्हणून देवचंदला घेतलं होतं. तो उतरला आणि बोडीकडे पाहून जागच्या जागी खिळला. काठावरची चितळं, मोर, मासे, वासराजवळ उभी असलेली ती गाय. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, पाहिलं नसेल असं कधी, म्हणून असेल.

"चाल देवचंद, पाइप धर," बिसनभाऊ म्हणाले. त्यांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. सकाळपासून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. आमच्या बाटल्या कधीच संपल्या होत्या, निवासातला माठही मंदाताईंनी आम्हाला पाजून रिकामा केला होता. टँकरचं पाणी डिझेलच्या वासाचं होतं.

"मी झिऱ्यावरचं पिऊन येतो," ते म्हणाले.

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला हातभर खड्डा. बोडीच्या वरच्या अंगाला, नाला बोडीला मिळतो तिथून बराच वर, तो होता. बिसनभाऊंनीच खणला होता. त्यात पाझरून गार पाणी साठायचं. आम्ही सगळे तेच प्यायचो. बोडीचं पाणी तिथं चढणं शक्य नव्हतं, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. उलट मीही त्यांच्या मागं निघाले.

ते वाळूत गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि तोंडाजवळ नेली.

"मामाजी!"

देवचंद मागून धावत आला होता. त्यानं सासऱ्याच्या हातांवर इतक्या जोरात लाथ मारली की ते वाळूत आडवे झाले.

"नोका पिऊ! त्याच्यात बी हाय!"

मी आजही सांगू शकते की त्या क्षणी मला काहीच कळलं नव्हतं. मी देवचंदवर ओरडणार होते, म्हाताऱ्या माणसाला लाथ मारली म्हणून. बिसनभाऊ वाळूतून उठून बसले. त्यांनी आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग दुपट्ट्याला ते सावकाश पुसले.

"तुले कसं मालूम?" त्यांनी विचारलं.

देवचंद एक पाऊल मागे सरकला.

"देवचंद, तुले कसं मालूम का झिऱ्यात बी हाय?"

तो खाली बसला आणि डोकं गुडघ्यात घातलं.

"एकच पायजे होतं, मामाजी," तो म्हणाला. "एक चितळ. ती म्हने, मले मटन खावंसं वाटून रायलं. डोहाळे म्हनून. मी म्हटलं एखादं मरल, घेऊन जाऊ. एवढं सारं मरल असं नव्हतं वाटलं, आईशप्पत. थोडंसंच टाकलं होतं. एखादं झिऱ्यावर बी येईल म्हनून तिथं बी टाकलं, तुम्ही तेच पेता हे ध्यानातच नाई आलं."

तिकडं उंचवट्यावर टँकरचं पाणी सिमेंटवर पडत होतं, त्याचा आवाज येत होता. मंदाताई आमच्या मागून येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

बिसनभाऊ उठले. त्यांनी जावयाचं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, आणि देवचंदही उठला.

"मॅडम, लिहून घ्या," ते मला म्हणाले.

"बिसनभाऊ," मंदाताई म्हणाल्या, "जरा थांबा. काल मी फुलवंताला पाहून आलेय. तिचे दिवस भरत आलेत. ह्याला आज नेलं तर ती कुणाच्या आधारानं बाळंत होणार?"

"मी हाव ना."

"तुम्ही तिच्या नवऱ्याला पकडून दिलंत म्हटल्यावर ती तुम्हाला घरात घेईल?"

बिसनभाऊंनी देवचंदचं मनगट सोडलं नाही.

"अहो, तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं का?" मंदाताईंचा आवाज चढला. "तुम्ही आत्ता तिथं पडलेले असता. त्यानं तुमचा जीव वाचवला. स्वतःहून वाचवला."

"हो जी," बिसनभाऊ म्हणाले. "वाचवला."

"मग?"

ते बोडीकडे पाहत होते. गाय अजून तिथंच होती.

"ताई, मी सकाळपासून तहानलेल्या जनावरायले हाकलून रायलो. ज्यायच्यासाठी मी हे पाणी राखलं, त्यायले मारून हाकललं. आता याले सोडू? मंग मी इथं कोन्त्या तोंडानं बसू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला विचारत नव्हते. मी माझ्या मनात वाट पाहत होते की ते विचारतील. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. ते म्हणाले, "लिहा, मॅडम," आणि मी लिहिलं.

खात्याची गाडी आली तेव्हा देवचंदनं सासऱ्याला एवढंच सांगितलं, "तिले म्हना, मी लवकर येतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो गाडीत बसला. बिसनभाऊ गाडीपाशी उभे राहिले आणि ती गेल्यावर परत बांधावर गेले. अंधार पडेपर्यंत पत्रा वाजवत राहिले.

फुलवंता दोनच दिवसांत बाळंत झाली. मुलगी झाली. मंदाताईंनीच तिला सोडवलं. बिसनभाऊ अंगणात बसून होते. पोर रडल्याचा आवाज आला तसे ते उठून दाराशी गेले.

"फुला, बरी हायेस ना?"

आतून फुलवंता म्हणाली, "तुम्ही जनावरायचे बाप हाव, बाबा. माये नाई. आत नोका येऊ."

मंदाताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, थकवा होता. त्या उन्हाळ्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं पुढल्या वर्षी निधन झालं.

फुलवंता बाळाला घेऊन सासरी, दिराच्या घरी निघून गेली. मोहबोडीचं पाणी पंपानं उपसून लांब खड्ड्यांत सोडलं, तळातला गाळ काढून नेला. पावसाळ्यात बोडी पुन्हा भरली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी नितळ होतं, तपासणीतही ठीक निघालं. पण गवे आले नाहीत. त्यांनी वाट बदलली आणि कालव्याकडे उतरू लागले. तिथं ते लोकांच्या धानात शिरले, आणि लोकांनी त्यांना पेटत्या टेंभ्यांनी हाकललं. त्यांतले किती उरले मला ठाऊक नाही. निवासाला कुलूप लागलं. बिसनभाऊ रोज बांधावर जाऊन बसत. मी विचारलं, "काही आलं होतं का?" तर म्हणत, "बगळे होते, जी."

खटला सुरू व्हायलाच काही वर्षं गेली. देवचंद तोवर जामिनावर सुटून त्याच्या गावी गेला होता. कोर्टात बिसनभाऊंची साक्ष झाली तेव्हा मी तिथं होते. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"जावई."

"त्याला तुम्ही पाण्यात काही टाकताना पाहिलंत?"

"नाई पाहिलं."

"त्यानं तुम्हाला झिऱ्याचं पाणी पिऊ दिलं नाही?"

"नाई दिलं. त्यानं माया जीव वाचवला."

वकील न्यायाधीशांकडे वळला. ज्यानं विष घातलं तो माणूस स्वतःच सगळ्यांसमोर असं सांगेल काय, असं त्यानं विचारलं. बोडीत विष होतं म्हटल्यावर झिऱ्यातही असेल, हे कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल. सासऱ्याच्या काळजीपोटी तो धावला, एवढंच. देवचंदनं आमच्यासमोर जे कबूल केलं होतं, ते आता त्यानं नाकारलं. मंदाताई साक्षीला उरल्या नव्हत्या. बिसनभाऊंनी आणि मी ती कबुली सांगितली, पण तिचं फार वजन पडलं नाही. आम्ही दोघंही खात्याची माणसं होतो.

देवचंद सुटला.

निकालाच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होतो. बिसनभाऊ खूप वाळले होते. मी म्हणाले, "तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"हो जी," ते म्हणाले. "सगळं खरं होतं. सगळं."

आतून देवचंद आणि फुलवंता बाहेर आले. त्यांच्याबरोबर चारेक वर्षांची मुलगी होती, लाल फ्रॉक घातलेली, केसांना भरपूर तेल लावलेली. बापाचं बोट धरून ती एकेक पायरी उतरत होती. देवचंदनं सासऱ्याला पाहिलं आणि तो थांबला. त्याचे हात जोडायला उठले असावेत असं मला वाटलं, पण फुलवंतानं त्याची बाही धरून ओढली. ती बापाकडे न पाहता त्यांच्याशेजारून उतरू लागली.

मुलगी मात्र मान वळवून पाहत राहिली. बिसनभाऊ तिच्याकडे इतकं एकटक पाहत होते की तिला ते जाणवलं असणार.

"माय, हा बुढा कोन व?" तिनं विचारलं.

"कोनी नाई," फुलवंता म्हणाली. "जंगलातला वाचर हाय."

मी बिसनभाऊंच्या दंडाला हात लावला. ते पोरीकडे पाहून हसले आणि त्यांनी मान हलवली.

"हो माय," ते तिला म्हणाले. "वाचर हाव मी."